उज्जैनला खायचं ते घड्याळ बघून

महाराष्ट्रातून उज्जैनला जाणारे पूर्वी दोन प्रकारचे असत. काही जण बारा ज्योतिर्लिंगांची यात्रा करत, तर काही जणांचं कुणीतरी माळव्यात असे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकालेश्वर मंदिराभोवतीच्या महाकाल लोक संकुलाचं उद्घाटन झालं आणि आता शनिवार-रविवार जोडून जाणाऱ्यांची गर्दीही त्यात मिसळली. दर्शनाचं काय, ते रांगेत उभं राहिलं की होतं. बाहेर आल्यावर मात्र सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, आता जेवायचं कुठे? मग फोन काढून जास्त तारे मिळालेलं एक हॉटेल शोधलं जातं. तिथे पनीर बटर मसाला, तंदुरी रोटी आणि जिरा राईस मागवला जातो. तो पुण्यात मिळतो तसाच असतो. आणि माणूस घरी येऊन सांगतो, ‘उज्जैनला खायला विशेष काही नाही.’

उज्जैन हे हॉटेलांची नावं पाठ करून खायचं गाव नाही, हे आधी लक्षात घ्यावं. इथल्या प्रत्येक पदार्थाला वेळ असते, बऱ्याच पदार्थांना ऋतू असतो आणि काहींना तिथीसुद्धा असते. सकाळचा पदार्थ दुपारी मागितला तर शिळा मिळतो किंवा संपलेला असतो. त्यातच आणखी एक साधा ठोकताळा जोडावा, तो म्हणजे मंदिराच्या दारापासून जरा लांब जावं. दाराजवळची दुकानं पुन्हा कधी न येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतात. गावातल्या दुकानांना तीच माणसं रोज तोंड दाखवतात, त्यामुळे तिथे हलगर्जीपणा फार दिवस चालत नाही.

मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने गेलात तर गाडी सकाळी उज्जैनला पोहोचते, आणि उज्जैनमध्ये खाण्याची सर्वांत चांगली वेळ तीच. पहाटे चारला महाकालाची भस्म आरती सुरू होते. ती आटोपून लोक बाहेर पडतात तेव्हा उजाडत असतं, आणि स्टेशनसमोर, देवास गेटच्या बसस्टँडजवळ, छत्री चौकाच्या गल्ल्यांत, फ्रीगंजच्या कोपऱ्यांवर पोह्यांची पातेली चढलेली असतात. पोहे म्हटल्यावर मराठी माणूस नाक मुरडतो, की हे आम्ही घरी रोज खातो. पण हे ते पोहे नव्हेत.

आपण कांदा फोडणीत परततो, पोहे त्यात घालतो, एक वाफ काढतो आणि लगेच खातो. उशीर झाला की ते कोरडे पडतात आणि घशात अडकतात. माळव्यात पोहे भिजवून, हळद-मीठ-साखर आणि जुजबी फोडणी देऊन एका पसरट भांड्यात भरतात आणि ते भांडं उकळत्या पाण्यावर ठेवून देतात. खालून सतत वाफ येत राहते. त्यामुळे तेल कमी लागतं आणि पोहे तीन-चार तास मऊ नि गरम राहतात. सहाला आलेल्या रिक्षावाल्याला आणि साडेनऊला आलेल्या वकिलाला एकाच पोताचे पोहे मिळतात. फोडणीत बडीशेप असते, ती पहिल्या घासाला आपल्याला परकी लागते. कांदा शिजवत नाहीत, कच्चाच वर घालतात. त्यावर मूठभर शेव, कोथिंबीर, लिंबू, कुठे डाळिंबाचे दाणे, कुठे बुंदी. आणि सगळ्यात शेवटी चिमटीने जीरावन भुरभुरतात.

या जीरावनाशिवाय माळव्याचं पान हलत नाही. जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग, सुंठ, मिरची आणि थोडा गरम मसाला भाजून-कुटून केलेली ही कोरडी पूड आहे. पोहे, उकडलेला बटाटा, तळलेला कंद, काकडी, पेरू, काहीही समोर आलं की त्यावर ती पडते. आंबट, खारट आणि उग्र अशी तिची चव एकदम येते. पोह्यांत साखर असते, शेजारी गरम जिलेबी असते, म्हणून त्या गोडाला तोडायला ही पूड हवीच. पोह्यांबरोबर जिलेबी हे अनेक मराठी पाहुण्यांना पटत नाही. एकदा घास पोह्यांचा, एकदा तुकडा जिलेबीचा असं खाऊन बघावं, मग बोलावं. येताना जीरावनचं पाकीट आणावं. मंदिराजवळच्या भेटवस्तूंच्या दुकानातून नव्हे, फ्रीगंजच्या किंवा जुन्या गावातल्या नमकीनवाल्याकडून.

हे पोहे मराठ्यांबरोबर माळव्यात आले, असं तिथली मंडळी आवर्जून सांगतात. त्याचा कागदोपत्री पुरावा मागत बसण्यात अर्थ नाही, पण सांगणं अगदीच हवेतलं नाही. उज्जैन हे शिंद्यांचं पहिलं मोठं ठाणं. आजचं महाकालेश्वराचं देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं. छत्री चौकाजवळचं गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधवलं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला हलवली, पण इथे स्थायिक झालेली मराठी घरं काही सगळी उठून गेली नाहीत. गावातल्या मिठाईच्या दुकानांत श्रीखंड दिसतं ते याच शेजारामुळे.

मराठी शेजाराची त्याहून ठसठशीत खूण श्रावणात दिसते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. म्हणून तिथला श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपला त्यानंतर पंधरा दिवसांनी. उज्जैनमध्ये दर सोमवारी महाकालाची पालखी नगरप्रदक्षिणेला निघते, तिला सवारी म्हणतात. या सवाऱ्या उत्तरेचा श्रावण लागल्यावर सुरू होतात आणि उत्तरेचा श्रावण संपल्यावर थांबत नाहीत. त्यांच्या भाद्रपदाचा पहिला पंधरवडा म्हणजे आपल्या श्रावणाचा उरलेला पंधरवडा, तो पुरा करूनच थांबतात. शिंद्यांच्या काळापासून मराठी पंचांगाचाही मान राखला जातो, असं त्याचं कारण गावात सांगतात. परिणाम असा की उज्जैनमध्ये श्रावण दीड महिना चालतो, आणि उपवासाच्या खाण्याची दुकानंही दीड महिना जोरात असतात.

त्या दिवसांत साबुदाण्याची खिचडी खावी. तीही आपल्यासारखी नाही. आपण तुपावर जिरं-मिरची-बटाटा परतून साबुदाणा त्यात शिजवतो. इथे भिजवलेला साबुदाणा पोह्यांसारखाच वाफेवर ठेवलेला असतो, मोकळा आणि जवळजवळ बेचव. मागणी आली की वाटीभर साबुदाणा भांड्यात घ्यायचा, त्यात सैंधव, मिरची, दाणे, बटाट्याचा तळलेला कीस, कोथिंबीर नि लिंबू घालून खाडखाड हलवायचा आणि हातात द्यायचा. भेळ करण्याचीच ही पद्धत आहे. आजीच्या हातच्या खिचडीची सवय असलेल्यांना ती कोरडी वाटेल. मला उलट वाटतं. उभ्याने, गर्दीत, सवारी बघता बघता खायला हीच बरी, तुपाने हात बरबटत नाहीत.

जुन्या गावाचं खाणं छत्री चौक, पटणी बाजार, कंठाळ या पट्ट्यात आहे. गल्ल्या अरुंद, दुकानं लहान आणि बहुतेकांवर पाटी असूनही लोक मालकाच्या नावानेच ओळखतात. इथे दहा-अकराच्या सुमाराला कचोरी निघते. मुगाच्या डाळीची खस्ता कचोरी, तिच्यावर तिखट आणि चिंचेची चटणी, काही ठिकाणी वरून कढी. सेव-परमल, म्हणजे कुरमुरे आणि शेव, हा इथला फावल्या वेळचा चारा. शेवेचे प्रकार मोजायला बसू नये. लवंगेची, लसणाची, पालकाची, जाड, बारीक, मऊ. भौगोलिक मानांकन शेजारच्या रतलामच्या शेवेला मिळालं आहे, म्हणून उज्जैनकर शेववाला आपली शेव कमी समजतो असं मुळीच नाही. मिठाईत मावा-बाटी मागावी. बाहेरून गुलाबजाम वाटतो, आत माव्याचंच सारण असतं, एक पुरते.

या गावाच्या खाद्यप्रेमाचा दाखला हवा असेल तर तो थेट ‘मृच्छकटिका’त सापडतो. देवलांच्या संगीत नाटकामुळे वसंतसेना आणि चारुदत्त आपल्याला घरचेच वाटतात, आणि त्यांचं गाव हेच, उज्जयिनी. मूळ संस्कृत नाटकाच्या चौथ्या अंकात विदूषक मैत्रेय वसंतसेनेच्या वाड्याचे चौक एकामागून एक पाहत जातो. पाचव्या चौकात स्वयंपाकघर लागतं. हिंग-तेलाचा वास सुटलेला आहे, लाडू वळले जात आहेत, अपूप भाजले जात आहेत, आणि भुकेल्या मैत्रेयाला वाटतं की कुणीतरी पाय धुवायला पाणी देऊन पानावर बसवील. शूद्रकाने हे लिहिलं त्याला दीड हजार वर्षं होऊन गेली. हिंग, लाडू आणि अपूपाच्या जातीचा मालपुवा आजही त्याच गावात मिळतात, बसवणारं कुणी भेटेल की नाही ते सांगता येत नाही.

दुपारचं जेवण म्हणजे डाळ-बाफले. ते टाळून उज्जैनहून परत येणं म्हणजे केवळ आळस. राजस्थानची बाटी आपल्याला माहीत असते. कणकेचा गोळा सरळ निखाऱ्यावर भाजला की बाटी झाली. बाफल्याला मधे एक पायरी आहे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात थोडं मक्याचं पीठ, हळद, ओवा, दही आणि भरपूर मोण घालून घट्ट गोळे करतात आणि ते आधी उकळत्या पाण्यात सोडतात. तरंगून वर आले की काढून निथळतात, आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात किंवा हल्ली गॅसच्या भट्टीत भाजतात. पाण्यात गेल्याने पिठातलं स्टार्च वरच्या थरात शिजून घट्ट होतं आणि आतला ओलावा आतच राहतो. भाजताना बाहेर कवच धरतं, आत गोळा मऊ राहतो. शेवटी तो दाबून फोडायचा आणि तुपात बुडवायचा. नुसती बाटी कोरडी असते, तिला डाळ लागते. बाफला तूप पिऊन बसलेला असतो, डाळ त्यावर वरकड.

खान्देशातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. वरण-बट्टीतही बट्टी आधी वाफवतात किंवा उकडतात, मग कापून तुपात तळतात. सातपुड्याच्या दोन बाजूंना एकच युक्ती दोन तऱ्हांनी पोहोचलेली आहे. बाफल्याबरोबर तुरीची डाळ, कढी, लसणाची चटणी, एखादी बटाट्याची भाजी आणि चुरम्याचा लाडू येतो. लाडू हे गोड म्हणून शेवटी खायचं नाही, मधे मधे तोडून खायचं.

बाफले मिळतात पुष्कळ ठिकाणी, पण चांगले ओळखायचे कसे? दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान जावं, कारण भट्टी तेव्हा चालू असते. रात्री मिळतात ते बहुधा दुपारचेच, पुन्हा गरम केलेले. आत बसण्यापूर्वी एका ताटाकडे नजर टाकावी. बाफला फोडून तुपात भिजवलेला असेल तर ठीक. अख्खा गोळा ताटात ठेवून वरून चमचाभर तूप सोडलं असेल तर दुसरीकडे जावं. लाडू विचारावा. जिथे लाडू नाही तिथे बाफला हा मेन्यूतला एक पदार्थ आहे, त्यांचं रोजचं काम नव्हे. हरिफाटक पुलापासून नानाखेड्याकडे, म्हणजे इंदूरच्या वाटेवर, अशी जेवणघरं आहेत. बाफले खाऊन लगेच सांदीपनी आश्रम, मंगलनाथ अशी फेरी ठरवू नये, दोन तास झोप लागणारच आहे हे धरून चालावं.

बाफले-बाटी हे मुळात घरातलं जेवण नव्हे, बाहेरचंच. तवा नको, पोळपाट नको. पीठ, डाळ, मीठ आणि गोवऱ्या असल्या की झाडाखाली स्वयंपाक होतो. वैशाख वद्य दशमीपासून अमावास्येपर्यंत, अर्थात उत्तरेच्या पंचांगाने, उज्जैनची पंचक्रोशी यात्रा चालते. पटणी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून बळ मागून हजारो खेडूत ११८ किलोमीटर पायी चालतात. डोक्यावरच्या गाठोड्यात शिधा असतो आणि मुक्कामाला हीच डाळ-बाटी शिजते. याहून विलक्षण प्रथा पाऊस ओढ देतो तेव्हाची. माळव्यातली गावंच्या गावं एका दिवसासाठी घरांना कुलूप लावून वेशीबाहेर जातात, शेतात चुली मांडतात, देवाला नैवेद्य दाखवतात आणि तिथेच जेवून संध्याकाळी परततात. या प्रथेचं नावच ‘उज्जैनी’. बाहेर जेवायला जाण्याची इतकी गंभीर तऱ्हा मला दुसरीकडे आढळलेली नाही.

आता मंदिराभोवतीचं. तिथे काहीच खाऊ नये असं नाही. मंदिर समितीचं निःशुल्क अन्नक्षेत्र आहे. जेवण साधं, पंगत शिस्तीची. दर्शनाच्या दिवशी एक वेळ तिथे जेवायला हरकत नाही. मंदिराच्या काउंटरवर मिळणारा बेसनाचा लाडू तुपातला असतो आणि प्रवासात चांगला टिकतो, नातेवाइकांना वाटायला तोच घ्यावा. महाकाल लोकच्या नीलकंठ वनात ‘प्रसादम्’ नावाची खाऊगल्ली आहे. केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी ७ जानेवारी २०२४ रोजी तिचं उद्घाटन केलं तेव्हा देशातली पहिली ‘आरोग्यदायी व स्वच्छ’ खाऊगल्ली म्हणून ती जाहीर झाली. देशभर अशा १०० गल्ल्या करायच्या आणि प्रत्येकीला एक कोटी रुपये द्यायचे, अशी ती योजना आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील आणि पोटाची धास्ती असेल तर ही जागा सोयीची. चवीसाठी वाट वाकडी करून जाण्याइतकी ती नाही.

महाकालाचा शृंगार अनेकदा भांगेने होतो, आणि मंदिराच्या परिसरात भांग घोटून विकणारी परवानाधारक दुकानं आहेत. थंडाईत भांग घालून हवी का, असं तिथे सरळ विचारतात. नको असेल तर ‘सादी’ असं स्पष्ट सांगावं. हवीच असेल तर एक गोष्ट माहीत असू द्यावी. पोटात गेलेल्या भांगेचा अंमल चढायला तास-दीड तास लागतो. पहिल्या पेल्याने काही झालं नाही म्हणून दुसरा मागवणाऱ्या पाहुण्याची संध्याकाळ खोलीत आडवं पडून जाते.

संध्याकाळी रूळ ओलांडून फ्रीगंजला यावं. कागदोपत्री याचं नाव माधवनगर. जुन्या गावाच्या गल्ल्या संपून इथे रुंद रस्ते आणि आखीव चौक लागतात. त्यातल्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवतीच्या टॉवर चौकात दिवेलागणीला गाड्या लागतात आणि उज्जैनकर घरचे सगळे घेऊन येतो. पाणीपुरीला इथे पानी पताशे म्हणतात. आलू टिक्की, दहीवडा, कुल्फी, त्याच रांगेत डोसा, पावभाजी आणि चाऊमीनही. शेवटच्या तिघांकडे न बघता पुढे जावं. थंडीत गराडू मिळतो का ते आधी शोधावं. कोनफळाच्या कुळातला हा कंद आहे. त्याच्या फोडी शिजवून, मग खरपूस तळून, वर लिंबू आणि जीरावन घालून देतात. बाहेरून कुरकुरीत, आत चिकटसर. डिसेंबर-जानेवारीत जो उज्जैनला जातो आणि गराडू न खाता येतो त्याने पुन्हा जावं. पावसाळ्यात त्याची जागा भुट्ट्याचा कीस घेतो. कोवळं कणीस किसून, मोहरी-हिंग-मिरचीच्या फोडणीत दूध घालून शिजवलेला. थंडीत कीस मागू नका, कणीस कोवळं नसतं.

बसून, पंख्याखाली, सगळ्यांच्या आवडीचं काहीतरी मिळावं अशी मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यांच्यासाठी फ्रीगंजच्या अमरसिंह मार्गावर मिठाई आणि जेवण दोन्ही मिळणारं ‘श्री गंगा’ आहे, स्टेशनसमोर ‘न्यू सुदामा’ आहे, आणि राज्य पर्यटन महामंडळाच्या ‘शिप्रा रेसिडेन्सी’चं जेवणघर आहे. ही नावं अडीअडचणीला बरी, शहराची चव तिथे शोधू नये.

मांसाहार करणाऱ्यांनी अपेक्षा आवरत्या घ्याव्यात. गावात तोपखान्याच्या बाजूला तो मिळतो, मंदिराच्या आसपास नाही. मुख्यमंत्री मोहन यादव हे उज्जैनचेच. डिसेंबर २०२३ मध्ये शपथ घेतल्या दिवशीच त्यांनी उघड्यावर मांस विकण्यावर निर्बंध घातले. १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या १९ धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद झाली, त्यात उज्जैन महापालिकेची सगळी हद्द आली. गंमत अशी की याच गावातल्या काळभैरवाला मद्याचाच नैवेद्य दाखवतात, आणि तो प्रघात सुरू आहे. शहर पहिल्यापासूनच इतकं सोवळं होतं असंही समजू नये. वसंतसेनेच्या ज्या स्वयंपाकघरात लाडू वळले जात होते, तिथेच विदूषकाला खाटकाचा पोरगाही दिसतो.

रात्री उशिरा खायची हौस असेल तर उज्जैनवर रुसू नये. हे गाव पहाटे उठणारं आहे. रात्रीची मैफल इंदूरच्या सराफ्यात, सोन्याची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्या पायऱ्यांपुढे भरते. ते अंतर जेमतेम ५५ किलोमीटर. अनेक जण उज्जैनला दर्शन आणि इंदूरला खाणं अशी वाटणी करतात. ती उज्जैनवर अन्याय करणारी आहे. इंदूरचं खाणं आता पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांसाठी सजलेलं असतं, उज्जैनचं अजून गावकऱ्यांसाठी होतं.

तेव्हा जायचं ठरवाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी गर्दीमुळे जुन्या गावात पाय ठेवायला जागा नसते. सवारी बघायची असेल तर मात्र श्रावणातला सोमवारच गाठा आणि दुपारचं जेवण बारालाच उरका, कारण नंतर रस्ते बंद होतात. मुक्कामाच्या हॉटेलात खोलीबरोबर नाश्ता फुकट मिळत असेल तर तो सोडून द्या. आठच्या आत खाली उतरा, जिथे स्कूटरी जास्त लागल्या असतील त्या पोहेवाल्याकडे जा, आणि ‘जीरावन थोडा ज्यादा’ एवढं सांगायला विसरू नका.